एकतीस डिसेंबरची मोजणी

फौजी नावाच्या गिऱ्हाइकाच्या तेलगिरणीची कर्जाची फाईल रफीकाने बँकेत सकाळपासून दोनदा वाचली होती, आणि दोन्ही वेळा त्या वाक्यावरून तिची नजर नुसती घसरत गेली होती. तिसऱ्यांदा ती अडकली. ‘दिनांक ३१ डिसेंबर रोजी कारखान्यातील तेलसाठ्याच्या मोजणीस मी स्वतः हजर होतो.’ खाली लेखापरीक्षक हमादीकाकांची सही, निळ्या शाईची, शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळवलेली. ट्युनिसियातल्या या स्फाक्स शहरात कुठल्याही बँकेत ही सही पाहिली की माणसं पान उलटतात. रफीकाही इतकी वर्षं उलटत आली होती. तिने तोंडाजवळ नेलेला कॉफीचा पेला तसाच खाली ठेवला. एकतीस डिसेंबरला हमादीकाका तिच्या घरी होते. तिचे वडील अठ्ठावीसच्या पहाटे गेले, एकोणतीसला त्यांना मातीत ठेवलं, आणि एकतीसला तिसरा दिवस होता.

मधे कधीतरी उठून गेले असतील, तिने स्वतःलाच समजावलं; आणि समजावता समजावताच ती वेळ जुळवू लागली, कारण शंका आली की ती तपासून पाहायची ही तिची पंचवीस वर्षांची सवय होती. घर गाबेस रस्त्यावर, सातव्या किलोमीटरला. गिरणी महदिया रस्त्यावर, अठराव्या. मधे अख्खं शहर, आणि ऑलिव्हचा, जैतुनाचा हंगाम ऐन भरात, म्हणजे रस्त्यावर पोत्यांनी लादलेल्या गाड्यांची रीघ. जायला तास, यायला तास, मोजायला निदान तीन तास. सकाळी नऊला ते आले तेव्हा त्यांच्या हातात पावांच्या दोन पिशव्या होत्या. तिनेच त्या घेतल्या, पाव गरम होते. दुपारी कुस्कुसची परात आली तेव्हा त्यांनीच अंगणात माणसं बसवली. अंजिराच्या झाडाखाली खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजाऱ्यांकडून आणवल्या, ते साडेतीनला. मग कुराण म्हणणारे आले. त्या वेळी ती आत होती, बायकांत. तेव्हा गेले असतील? पण खिडकीतून त्यांचा खोकला ऐकू येत होता. तो खोकला ती हजारात ओळखेल. संध्याकाळच्या नमाजानंतर दारात उभं राहून त्यांनी बूट घातले, वाकताना भिंतीला हात टेकला. एवढं सगळं तिला आठवत होतं आणि स्वतःच्या बापाचा चेहरा त्या दिवशी एकदाही डोळ्यांपुढे आला नव्हता, हेही आत्ताच, फाईल समोर असताना, तिच्या ध्यानात आलं. दुःखात माणसाला काहीच आठवत नाही म्हणतात. तिला सगळं आठवत होतं. जणू त्या दिवशी ती शोक करत नव्हती, कुणावर तरी नजर ठेवून बसली होती.

‘‘झाली का फौजीची?’’ मॅनेजर लसादसाहेबांनी दारातूनच विचारलं. गुटगुटीत माणूस, सतत घाईत, पण कुठेही वेळेवर न पोचणारा. ‘‘गुरुवारी समितीपुढे ठेवायचीय.’’

‘‘बघतेय.’’

‘‘त्यात बघायचंय काय? हमादीसाहेबांची सही आहे ना? मग घोडं कुठं अडलंय?’’

घोडं कुठेच अडलं नव्हतं, हीच तर गोम होती. बँकेत तीन जातीचे हिशेब येत. एक नुसते कुणीतरी जुळवून दिलेले. त्यांना लसादसाहेब ‘वाण्याची वही’ म्हणत, आणि त्यावर कर्ज मागणाऱ्याचं घर, दुकान, बायकोचे दागिने सगळं गहाण मागत. दुसरे कुणी जाणत्याने वरवर पाहिलेले. तिथे कर्ज मागणाऱ्याचं तोंड बघून काय ते ठरे. आणि तिसरे असे, पुरते तपासून सही केलेले. त्यातही सही कुणाची यावर वजन ठरतं हे सगळ्यांना ठाऊक असे, पण तोंडाने कुणी बोलत नसे. फौजीला अठरा लाख दिनार हवे होते, बाटल्या भरायच्या नव्या यंत्रांसाठी. तारण होतं फक्त टाक्यांमधलं तेल, सहाशे चाळीस टन. हमादीकाकांची सही नसती तर या कागदांवर त्याला सहा लाखसुद्धा मिळाले नसते. सहीने व्याजाचा दर दीड टक्क्याने उतरला होता आणि घर गहाणातून सुटलं होतं. हे आकडे मांडणाऱ्या तक्त्यावर रफीकाच्याच हाताच्या खुणा होत्या. गेल्या नऊ वर्षांत अशा अकरा फाईली तिने याच सहीवर पुढे ढकलल्या होत्या. त्या अकरांत ते ‘मी स्वतः हजर होतो’ कितीदा आलं असेल? ती उठून कपाटाकडे गेली. अकराच्या अकरांत होतं. तेच शब्द, तोच स्वल्पविराम.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने उम्मीसाठी बार्लीचं सूप गरम केलं. आई अठ्ठ्याहत्तरची, दिवसभर शेजारची सुआद तिच्यापाशी बसे. रफीकाने सुपावर तेल सोडलं आणि हात थांबला. हे तेलसुद्धा हमादीकाकांनी पाठवलेलं. दर जानेवारीला दहा लिटरचा एक डबा, कसलाही शिक्का नसलेला. वडील म्हणायचे, हमादीला कुणी दिलं असेल, त्याच्याकडे झाडं कुठली? आणि हसायचे. त्यावर घरात कुणी कधी पुढे विचारलं नव्हतं. कुणी दिलं असेल? तिने बोट बुडवून जिभेला लावलं. कोवळं, किंचित कडू, घशात तिखट होणारं तेल. चांगलं होतं, पण चाखून मालकाचं नाव कळत नाही. ‘‘उम्मी, हा डबा कोण घेऊन आलं होतं?’’ तिने विचारलं. आईने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘मीठ कमी आहे.’’ रफीकाने डबा ओट्याखाली, मागच्या बाजूला सरकवला आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून बाटली आणली. दुकानातल्या बाटलीवर सोनेरी अक्षरांत फौजीच्या गिरणीचं नाव होतं. ती बदलून तिने दुसरी घेतली, मग दुकानाबाहेर उन्हात उभी राहून तिला स्वतःचीच लाज वाटली. वडील बंदरावरच्या काट्यावर वजनं लिहायचे. संशय हा मिठासारखा आहे पोरी, म्हणायचे, नसला तर जेवण अळणी, आणि मूठभर पडला तर ताट फेकून द्यावं लागतं. किती पडला की मूठभर होतो हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आणि या दोघांची, काट्यावरचा माणूस आणि हिशेब तपासणारा माणूस, शाळेपासूनची मैत्री. दर शुक्रवारी पत्ते खेळताना एकमेकांचे पत्ते बघायला टपलेले.

फोन करून विचारता आलं असतं. दोन मिनिटांचं काम. ‘काका, त्या दिवशी तुम्ही गिरणीवर गेला होतात?’ पण ते ‘हो’ म्हणाले असते तर? तर ते तिच्याशी, त्या घराशी, त्या दिवसाशी खोटं बोलले असते. आणि ‘नाही’ म्हणाले असते तर तिला काहीतरी करावं लागलं असतं. तिने फोन केला नाही. त्याऐवजी बुधवारी सकाळी, लसादसाहेबांना ‘सहज एक चक्कर’ असं सांगून ती गाडी काढून महदिया रस्त्याला लागली.

फौजी चाळिशीचा, अंगाने बारीक, दात शुभ्र. त्याने तिला ऑफिसात बसवलं, बदाम टाकलेला चहा मागवला, यंत्रांची इटलीहून आलेली चित्रं पसरली. ती म्हणाली, मला टाक्या बघायच्यात. तो हसला. ‘‘बघा की. पोहायला उतरताय का मॅडम?’’

‘‘दोरी टाकून बघते.’’

‘‘हमादीसाहेबांनी टाकलीच होती.’’ हे तो इतक्या सहज म्हणाला की तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. चेहऱ्यावर काही नसणं हेही काहीतरी असतं, असं तिच्या मनात आलं, आणि पाठोपाठ, की असं धरलं तर जगात कुणाचाच चेहरा वाचता येणार नाही.

लोखंडी शिडीच्या सदतीस पायऱ्या. वर वारा होता, समुद्राचा नाही, आतला, धुळीचा. टाकीचं झाकण उघडल्यावर जो वास आला त्याने तिला क्षणभर लहानपणात नेऊन सोडलं; मग ती भानावर आली. वजन लावलेली पट्टी, तिच्या टोकाला पाणी लागलं की लाल होणारी पेस्ट. तेलाखाली पाणी भरून ठेवायची जुनी लबाडी तिला माहीत होती. अशी लबाडी सापडावी अशी आपली इच्छा आहे, हे वर उभं राहून पट्टी सोडताना तिला स्वच्छ कळलं. सापडली तर सगळं सोपं होईल. चोर चोर ठरेल, आणि हमादीकाका फसवले गेलेले. पट्टी तळाला टेकली. तिने वर ओढली. पेस्ट होती तशीच करडी. दुसरी टाकी, तिसरी, सहाही टाक्या. तेल, तळापर्यंत तेल. खाली उतरून तिने आकडे जुळवले. डिसेंबरनंतरची विक्री वजा करून बेरीज टनाच्या आत बरोबर आली. फौजीने विचारलं, ‘‘समाधान?’’ तिने मान हलवली. आपण एका सभ्य माणसावर आणि आपल्या बापाच्या मित्रावर चिखल उडवायला निघालो होतो, असं तिला वाटलं, आणि तरीही आत कुठेतरी काहीतरी मोकळं होईना.

गाडीकडे जाताना काट्यापाशी भांडण चाललं होतं. एक साठीची बाई, डोक्याला लाल रुमाल, निळं पिंप पायाशी ठेवून कारकुनाशी हुज्जत घालत होती.

‘‘माझं तेल मला दे म्हणतेय, तुझ्या बापाचं मागत नाही.’’

‘‘मबरूकामावशी, सांगितलं ना, पुढच्या महिन्यात. मालक म्हणालेत सध्या टाक्यांना हात लावायचा नाही.’’

‘‘का? तेलाला ताप आलाय? पोरीचं लग्न काय पुढच्या महिन्यापर्यंत थांबणारे?’’

रफीका थांबली. बाईने तिच्या हातातली फाईल पाहिली, तिला कुणी सरकारी अधिकारी समजली असावी, आणि कमरेच्या पिशवीतून घडी घातलेली चिठ्ठी काढून तिच्या नाकासमोर धरली. ‘‘तुम्हीच वाचा. सतरा पिंपं. खाली शिक्का आहे की नाही?’’ वहीतून फाडलेला कागद, मबरूकाचं नाव, आकडा, गिरणीचा शिक्का. ‘‘आम्ही सगळे इथंच ठेवतो. घरी कुठे ठेवणार? याचा आजा ठेवून घ्यायचा, याचा बाप ठेवून घ्यायचा. भाव चढला की येतो, घेऊन जातो. भाडं देतो की. फुकट नाही.’’

‘‘सगळे म्हणजे किती जण?’’

‘‘आमच्या गावची ऐंशी घरं असतील. अलीकडची दोन गावं वेगळी.’’

कारकून काट्याकडे बघत होता. रफीकाने त्याला विचारलं, या चिठ्ठ्यांची नोंद कुठे असते. तो म्हणाला, मालकांना विचारा. तिला विचारायची गरज उरली नव्हती. टाक्या भरलेल्या होत्या आणि तेल खरं होतं. फक्त घरांचा आणि पिंपांचा मनात गुणाकार केला, तर त्यातलं निम्म्याहून अधिक फौजीचं नव्हतं. फाईलमध्ये ते सगळं त्याचं म्हणून लागलं होतं, तेच तारण होतं, आणि उद्या त्याचे हप्ते थकले तर बँकेची माणसं येऊन मबरूकाची सतरा पिंपं कायदेशीर उचलून नेणार होती, रफीकाच्या सहीने. म्हणून टाक्यांना हात लावायचा नव्हता. कर्ज मिळेपर्यंत. ‘‘मावशी,’’ ती हळू आवाजात म्हणाली, ‘‘पुढच्या महिन्याची वाट बघू नका. गावात सांगा. चिठ्ठ्या घेऊन सगळेच एकदम या.’’ बँकेच्या माणसाने असं बोलायचं नसतं. ती बोलून गेली आणि गाडीचं दार लावल्यावर आरशात मागे पाहिलं, कुणी ऐकलं का म्हणून. फौजी वरच्या खिडकीत उभा होता.

हमादीकाकांचं ऑफिस जुन्या शहराच्या वेशीजवळ, तिसऱ्या मजल्यावर. बँकेत लागण्यापूर्वी तिने तिथे दोन वर्षं काम केलं होतं. तेव्हा, बावीस वर्षांची असताना, तिला घेऊन ते एका साबणाच्या कारखान्यात मोजणीला गेले होते. दिवसभर ती वड्यांच्या चळती मोजत राहिली आणि काका हमालांशी गप्पा मारत बसले. परत येताना ती फणकारून म्हणाली होती, मी एकटीनेच मोजलं. ते म्हणाले, मोजायला कुणीही जाईल पोरी, आपण जायचं ते विचारायला. त्या चळतींमधल्या एक तृतीयांश वड्या दुसऱ्याच व्यापाऱ्याच्या होत्या. हमाल बोलता बोलता सांगून गेले होते. जिने चढताना तिला ते आठवलं आणि दुसऱ्या मजल्यावर ती थोडा वेळ कठड्याला धरून उभी राहिली.

‘‘बस,’’ काका म्हणाले. वय एकाहत्तर, चष्मा कपाळावर. ‘‘उम्मी कशी आहे?’’

तिने फाईल उघडून त्या वाक्यावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, वाचलं, आणि फाईल हळूच तिच्याकडे सरकवली.

‘‘ऑफिसातल्या मुलीला पाठवलं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘हुशार आहे. सहाही टाक्यांत दोरी टाकून आली. आकडा चुकलाय का?’’

‘‘आकडा बरोबर आहे. मी आज सकाळी स्वतः दोरी टाकली.’’

‘‘मग?’’

‘‘तेल गावकऱ्यांचं आहे. निम्म्याच्या वर. चिठ्ठ्या आहेत त्यांच्याकडे.’’

खाली रस्त्यावर कुणीतरी मोपेड सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. काकांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. की आधीपासून तसाच होता आणि तिने पाहिला नव्हता?

‘‘तिने विचारलं नसेल,’’ ते म्हणाले. ‘‘तिला कसं कळणार विचारायचं असतं म्हणून.’’

‘‘आणि ‘मी स्वतः’?’’

‘‘ते वाक्य तिथं तीस वर्षं आहे, रफीका. दर वर्षी खरं असायचं.’’

तिला ओरडावंसं वाटलं. तिला म्हणायचं होतं, तुम्ही त्या दिवशी आमच्या अंगणात होता, हे या शहरात फक्त मला पुराव्यानिशी माहीत आहे, आणि तुम्ही तो कागद माझ्याच बँकेत, माझ्याच टेबलावर पाठवलात. माझ्या लक्षात येणार नाही असं वाटलं, की आलं तरी मी गप्प बसेन असं वाटलं? तिने फाईल मिटून काखेत घेतली. काकांनी विचारलं नाही, आता तू काय करणार. निघताना त्यांनी सवयीने दार उघडून धरलं.

गुरुवारी समितीपुढे तिने कर्ज नाकारावं असं लिहून ठेवलं. कारण एकच दिलं: साठ्याच्या मालकीबद्दल शंका, प्रत्यक्ष भेटीत आढळली. एकतीस डिसेंबरचा उल्लेख केला नाही. तिने तो मसुदा चार वेळा वाचला. प्रत्येक शब्द खरा होता. एवढ्या काळजीने सगळं खरंच लिहून त्यातून नेमकं हवं ते गाळता येतं, हे आपल्याला इतक्या सफाईने कुणी शिकवलं, असा विचार तिच्या मनात आला. लसादसाहेब भडकले. ‘‘एका म्हातारीच्या वहीच्या कागदावर तू हमादीसाहेबांची सही मोडीत काढतेस? उद्या फौजी दुसऱ्या बँकेत जाईल आणि तिथं त्याला पाव टक्का कमीने मिळेल!’’ फौजी दुसऱ्या बँकेत गेलाच. पण आधी त्याने ट्युनिसच्या मुख्य कार्यालयात तक्रार ठोकली की या बाईने गावकऱ्यांना चिथावलं. हे खरं होतं. दोन दिवसांत ऐंशी घरांची माणसं पिंपं, कॅन, एक जुना पाण्याचा टँकरसुद्धा घेऊन गिरणीच्या फाटकाशी उभी राहिली होती. चिठ्ठ्यांवरचा शिक्का गिरणीचाच होता. पोलीस आले, त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या आणि फाटक उघडायला लावलं. तीन दिवस तेल उपसत होतं. मबरूकाने आपली सतरा पिंपं मोजून घेतली, असं रफीकाच्या कानावर आलं.

त्या आठवड्यांत खरा त्रास रात्रीच्या जेवणाच्या वेळी, आईला भरवताना होई. हात काम करत आणि डोकं त्या दिवसात शिरून बसे. काका आमच्यासाठी आले होते, की टाक्यांपाशी जायचं नव्हतं म्हणून आले होते? फौजीची यंत्रं, त्याची घाई, त्याची नवी मोटार हे सगळं त्यांना दिसलं नसेल? तीस वर्षं ज्याला वासावरून कळायचं, त्याला यंदाच वास आला नसेल? मग गरम पाव, मग खुर्च्या, मग भिंतीला टेकलेला हात हे सगळं काय होतं? एकेक गोष्ट ती उलटून बघे, मागच्या बाजूला काही लिहिलंय का म्हणून. बापाच्या तिसऱ्या दिवसातली एकही गोष्ट धड राहिली नाही.

जूनच्या सुरुवातीला मुख्य कार्यालयाचा तपासनीस आला. त्याच्या येण्याआधी दोन दिवस हमादीकाकांचं पत्र बँकेत पोचलं होतं, टाईप न केलेलं, हाताने लिहिलेलं. फौजीच्या गिरणीच्या हिशेबावरची आपली सही आपण मागे घेत आहोत; मोजणीच्या दिवशी आपण हजर नव्हतो; असं का लिहिलं त्याला सबब नाही; आपण त्या दिवशी कुठे होतो हे बँकेच्याच अधिकारी रफीका यांना माहीत आहे, त्यांना विचारावं. लसादसाहेबांनी पत्र तिच्यापुढे टाकलं आणि प्रथमच तिच्याशी हळू आवाजात बोलले. ‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘हो.’’

‘‘आणि लिहिलं नाहीस.’’

‘‘नाही लिहिलं.’’

तपासनीस तिच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, बोलायला मऊ, आणि मऊ बोलणाऱ्यांना जशी सवय असते तसा मधेच गप्प होऊन बघत राहणारा. त्याने विचारलं, एकतीस डिसेंबरला लेखापरीक्षक किती ते किती तुमच्या घरी होते. तिने सांगितलं. मधे बाहेर गेले? नाही. खात्री? खात्री. तो लिहीत गेला, मग वाचून दाखवलं: ‘सदर दिवशी लेखापरीक्षक वैयक्तिक कारणाने माझ्या घरी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा उपस्थित होते.’ ‘‘बरोबर?’’

‘‘वैयक्तिक कारण नाही,’’ रफीका म्हणाली. ‘‘ते खोडा.’’

‘‘मग काय लिहू?’’

‘‘माझी आई जेवत नव्हती.’’ तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. ‘‘तिला काही लक्षात राहत नाही. माझे वडील गेलेत हे तिला कळत नव्हतं. कळवलं की रडायची, आणि घटकाभराने पुन्हा विचारायची, तैयब कुठाय. मी सांगायचे, उम्मी, ते गेले, आणि ती पुन्हा पहिल्यापासून रडायची. दुपारपर्यंत मी पाच वेळा सांगितलं. माझ्यात ताकद उरली नाही. मग काकांनी मला बायकांत पाठवलं आणि अंगणातून पुन्हा पुन्हा येऊन तिच्यापाशी बसले. ती विचारायची, तैयब कुठाय. ते म्हणायचे, बंदरावर गेलाय, जहाज आलंय, उशीर होईल, तू जेवून घे म्हणालाय. प्रत्येक वेळी. संध्याकाळपर्यंत. आणि ती जेवली.’’

तपासनीसाने पेन खाली ठेवलं. ‘‘हे नोंदीत लागत नाही, मॅडम.’’

‘‘मग ‘वैयक्तिक कारण’सुद्धा लावू नका.’’

त्याने ते दोन शब्द खोडले, समासात तिची आद्याक्षरं घेतली. शेवटी सांगितलं की सगळं ठाऊक असूनही तिने वरिष्ठांपासून माहिती दडवली, तेव्हा कर्जाच्या टेबलावर तिला ठेवता येणार नाही. बदली मारेसच्या शाखेत, रोखपाल खिडकीमागे. तिने मान हलवली. मारेस पस्तीस किलोमीटर. आईला सुआदपाशी थोडं जास्त वेळ ठेवावं लागेल, एवढाच विचार तेव्हा तिच्या डोक्यात आला.

बाहेर बोळात भिंतीलगत खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर हमादीकाका बसले होते, मांडीवर टोपी, आपली पाळी यायची वाट बघत. त्यांचं ऑफिस बंद झालं होतं. ऑफिसातल्या त्या मुलीला त्यांनी दुसरीकडे कामाला लावून दिलं होतं. तिला पाहून ते अर्धवट उठले.

‘‘उम्मी जेवते का?’’

‘‘जेवते.’’

मग तिने ते विचारलं, जे आईला भरवताना रोज तिच्या डोक्यात फिरत होतं. ‘‘काका, त्या दिवशी तुम्ही आमच्यासाठी आलात, की तिकडे जायचं नव्हतं म्हणून आलात?’’

त्यांनी लगेच उत्तर दिलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता. ते टोपीची कड बोटांनी फिरवत राहिले. ‘‘फौजीचं काहीतरी चुकतंय असं नोव्हेंबरपासून वाटत होतं,’’ ते म्हणाले. ‘‘गेलो असतो तर विचारावं लागलं असतं, आणि विचारलं असतं तर सही करता आली नसती. माझ्याकडे त्याच्यासारखी चारच गिऱ्हाइकं उरली होती. तुझा बाप गेला नसता, तर मी दुसरं कुठलं तरी निमित्त शोधलं असतं. तो गेला, म्हणून शोधावं लागलं नाही.’’ त्यांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली. ‘‘आणि तो गेला नसता, तर दर शुक्रवारी त्याच्याशी पत्ते खेळत मी जिवंतही राहिलो असतो. दोन्ही खरं आहे, पोरी. वेगवेगळं करून दाखव म्हणशील तर मला जमणार नाही.’’

दार उघडलं आणि आतून त्यांचं पूर्ण नाव पुकारलं गेलं. त्यांनी टोपी खुर्चीवर ठेवली आणि आत गेले. रफीकाला टेबल आवरायचं होतं, किल्ल्या द्यायच्या होत्या, लसादसाहेब दोनदा येऊन तिच्याकडे बघून गेले. ती टोपी उचलून त्या खुर्चीवर बसली आणि ते बाहेर येईपर्यंत तिथून हलली नाही.